पुढच्या होडीची जागा

नौदलात मी पंधरा वर्षं काढली, आणि त्यातली बहुतेक टाइपरायटरपुढं. निमगाव केतकीच्या पानमळ्यातून उठून थेट समुद्रावर गेलेला माणूस म्हटल्यावर लोकांना माझ्या तोंडून तोफा ऐकायच्या असतात, वादळं ऐकायची असतात. माझ्याकडं आहेत फायली. मी कारकून होतो. जहाजावर चढलो की मला मळमळायचं, हे मी गावात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

त्या पंधरा वर्षांत माझ्या हातून एकच काम असं झालं की ज्याचा मला अभिमान वाटतो. एका ताफ्याचा मूळ इतिहास शोधायचा आणि त्याची सूत्रं कुणाकडून कुणाकडं गेली याची यादी करायची. कचेरीच्या पॅसेजमध्ये सागवानी फळा लावायचा होता. पहिलं जहाज कुठून आलं, त्याच्या मागं कुठलं जोडलं गेलं, कोण प्रमुख झाला, त्याच्यानंतर कोण. तीन महिने मी जुन्या कागदांची धूळ खाल्ली. यादीला दोनच रकाने महत्त्वाचे होते, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’. एकाचा ‘पर्यंत’ आणि दुसऱ्याचा ‘पासून’ एकाच दिवशी यायला हवा. जाणारा म्हणतो ‘सोपवला’, येणारा म्हणतो ‘घेतला’ आणि कारकून वेळ लिहितो. मधे एक मिनिटही रिकामं राहता कामा नये. माझे साहेब म्हणायचे, रिकामा रकाना म्हणजे बेवारशी ताफा. मी ते वाक्य गुरुमंत्रासारखं धरून ठेवलं, आणि तिथंच पुढं घोड्यानं पेंड खाल्ली.

मागच्या थंडीत मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी माझ्या डाळिंबाच्या बागेत आला. माझ्या भाच्याच्या वर्गातला, चटपटीत पोरगा. इंदापूरच्या पलीकडं धरणाच्या फुगवट्यावर त्यांचा घाट आहे. तिथं सोसायटीची नवी शेड झाली होती. “काका, ग्रामपंचायतीत सरपंचांचा फळा असतो ना, तसा आमच्या ताफ्याच्या म्होरक्यांचा पाहिजे,” तो म्हणाला. “तुमी नेव्हीतलं. तुमाला म्हाईत असतंय.” शहरात म्होरक्या हा शब्द चोरांच्या टोळीला लावतात, इथं तो मानाचा आहे. होड्या कधी सोडायच्या, जाळी कुठं टाकायची, वारं बघून कधी फिरायचं हे म्होरक्या ठरवतो. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला एवढं पुरलं. दुसऱ्याच दिवशी मोटारसायकलवर वही बांधून मी घाटावर गेलो.

घाटावरची सगळी माहिती तात्यांकडं होती. साठी उलटलेला, काटक, कमी बोलणारा माणूस. ताफा तेच चालवत होते, हे पाहताक्षणी कळत होतं. मी वही उघडून पहिला प्रश्न टाकला, ताफ्यातलं पहिलं जहाज कुठलं?

“जहाज कुठलं आलंय. काईल व्हती.”

गुळाची काहील, ऊस गाळून रस आटवायची. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा तात्यांच्या वडलांनी गुऱ्हाळावरची काहील पाण्यात सोडली आणि गावातल्या लोकांची जाती, दाराच्या चौकटी, शेरडं असं जमेल ते त्यातून बाहेर काढलं. काहील गोल. पाण्यात ती पुढं जात नाही, भिंगरते. म्हातारा बरोबर मध्यावर उभा राहून दोन्हीकडं वल्हं मारायचा म्हणे. गाव बुडालं, पण काहील पाण्यावर राहिली. तिला बघून आणखी चार जण आले, मग पत्र्याच्या होड्या आल्या, आणि ताफा झाला.

ती काहील अजून घाटावर आहे, बाभळीखाली उपडी घातलेली. मी जवळ जाऊन गंमत म्हणून तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं. ती घंटेसारखी वाजली आणि वाजतच राहिली. एवढ्या जुन्या, गंजक्या लोखंडातून एवढा वेळ नाद निघावा हे मला बरं वाटलं नाही. तात्या उठून आले आणि त्यांनी तिच्यावर सपाट तळवा ठेवला, तेव्हा ती गप्प झाली.

“वाजवायची न्हाय,” ते म्हणाले. “खाली ऐकू जातं.”

खाली म्हणजे कुठं, हे मी विचारलं नाही. पाण्याखाली त्यांचं गाव होतं.

पुढची यादी सरळ निघेल असं मला वाटलं. पहिले वडील, मग चुलते, मग थोरला भाऊ. “मग?” मी विचारलं.

“मग कुणी न्हाय.”

“अहो, आत्ता म्होरक्या कोण आहे?”

“दादाच हाय.”

“कुठं असतात ते?”

तात्यांनी हनुवटीनं पाण्याकडं दाखवलं. मी समजलो, जाळी टाकायला गेले असतील. संध्याकाळपर्यंत थांबून त्यांना भेटूनच जाऊ असंही म्हणालो. घाटावरच्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. मग सेक्रेटरीनं मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की दादांना जाऊन तीस वर्षं झाली. दुपारचं वारं सुटलं आणि त्यांची होडी दिसेनाशी झाली. माणूस सापडला नाही, होडीही सापडली नाही. तेव्हापासून तात्या ताफा चालवतात, पण मला म्होरक्या म्हणायचं नाही, मी नुसता राखतोय, असं म्हणतात. दादांच्या बायकोला सगळा घाट वैनी म्हणतो. त्या तिथंच चुलीपाशी बसल्या होत्या, हातभर हिरव्या बांगड्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तीस वर्षं घाटावरचं हळदी-कुंकू त्यांच्यापासून सुरू होत आलेलं आहे.

सोसायटीच्या रजिस्टरात सोळा होड्या होत्या. मी घाटावर मोजल्या, त्या पंधराच भरल्या.

ताफा सुटताना बघायचा म्हणून मी एका पहाटे तात्यांच्या होडीत बसलो. उजाडलं होतं, पण धुकं एवढं की वल्ह्याचं टोक दिसत नव्हतं. होड्या घाटापासून आत जाऊन एका रांगेत थांबल्या. तात्यांची होडी रांगेत पहिली, असं मला वाटलं होतं. तशी ती नव्हती. तिच्या पुढं एक होडी मावेल एवढं पाणी सोडून सगळे त्या मोकळ्या जागेमागं उभे होते. माझ्या डोळ्यांनी सवयीनं ती जागा पाहिली. आम्ही कवायतीत गैरहजर माणसाची जागा अशीच सोडायचो.

तात्या उभे राहिले. आपल्याच अंगणातल्या माणसाला विचारावं तसं, फार मोठ्यानं नाही, त्यांनी समोर विचारलं, “दादा, सुटू का?”

आणि सगळे थांबले. कुणी खोकलं नाही, कुणी तंबाखूची पुडी काढली नाही. मला घड्याळ बघायची खोड आहे. एक मिनिट गेलं, वर थोडं गेलं. मला काहीच ऐकू आलं नाही. मग तात्या खाली बसले, वल्हं पाण्यात टाकलं, आणि मागच्या चौदा होड्या एका दमात हलल्या.

पुढं जे पाहिलं ते जसं आहे तसं सांगतो. पाण्यावर पाणकावळे बसलेले होते, धुक्यात काळे काळे. होडी अगदी जवळ आली की ते उठतात. त्या दिवशी ते आमची होडी पोहोचायच्या बऱ्याच आधी बाजूला होत होते, जोडीजोडीनं, डावीकडं आणि उजवीकडं, जणू मधून कुणीतरी निघालंय आणि त्याला वाट द्यायची आहे. तो पट्टा बरोबर एका होडीच्या रुंदीचा होता. मला भीती वाटली. वही मांडीवर होती, पण तिच्यात मी एक अक्षर लिहू शकलो नाही. तात्या मात्र त्या वाटेनं निवांत वल्हं मारत होते.

परत आल्यावर मी विचारलंच, तुम्ही थांबता ते कशासाठी? तात्या जाळ्यातले चिलापी मासे सोडवत होते.

“त्या दिशी मी दुसऱ्या होडीत व्हतो,” ते म्हणाले. “वारं सुटलं. मी हाळी दिली, दादा, फिरू का? आन् उत्तराला थांबलो न्हाय. फिरलो.”

एवढंच. पुन्हा त्या विषयावर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. एवढ्यावरून शहाण्या माणसानं काय ते समजायला हवं होतं. पण मी शहाणा नव्हतो, कारकून होतो.

फळा रंगवायला इंदापुरात एक पेंटरचाचा आहेत. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या मागच्या ओळी, दर्ग्याची कमान, मंदिराच्या देणगीदारांच्या याद्या, तालुक्यातलं अर्धं लिखाण त्यांच्या हातचं. मी कागद त्यांच्यापुढं ठेवला. दोन ओळी झाल्या. तिसऱ्या ओळीपाशी त्यांनी कुंचला उचलून धरला.

“साहेब, हितं ‘पर्यंत’ची तारीख न्हाय. जागा सोडू का?”

“जागा सोडायची नाही,” मी म्हणालो. त्या वाऱ्याच्या दिवसाची तारीख मी सेक्रेटरीकडून आधीच काढून ठेवली होती. ती सांगितली. आणि चौथी ओळ तात्यांच्या नावानं, ‘पासून’ तीच तारीख. टोकाला टोक लागलं. मला आतून बरं वाटलं, तेही सांगतो.

चाचांनी कुंचला फडक्याला पुसला. “मानूस सापडला व्हता का?”

“नाही.”

“मग तारीख कुणी दिली?”

“मी देतोय ना. लिहा तुम्ही.”

त्यांनी लिहिली. सोनेरी रंगात, सुरेख.

फळा शेडमध्ये टेकवून ठेवला तेव्हा वैनी पदरानं त्याच्यावरची धूळ पुसायला आल्या. त्यांना वाचता येत नाही, पण नवऱ्याच्या नावाचा आकार रेशनकार्डामुळं ओळखीचा होता. नाव त्या तोंडानं घेत नाहीत. त्यांनी त्याच्यावर बोट ठेवलं आणि ते सरळ पुढं नेलं.

“भाऊ, ह्यांच्या म्होरं दोन आकडं कशाला?”

“एक सुरुवातीचा,” मी म्हणालो, “आणि एक शेवटचा.”

“शेवटचा,” त्या म्हणाल्या. बोट तिथंच होतं. मग त्यांनी ते काढून घेतलं, जणू तापलेल्या पत्र्याला लागलं होतं, पदर पुढं ओढला आणि त्या चुलीकडं गेल्या. तेवढ्यात तात्या आले. त्यांना वाचता येतं. त्यांनी तिसरी ओळ वाचली, चौथी वाचली.

“कुणी लिवलं?”

“मी सांगितलं तसं.”

“अक्षर चांगलं हाय,” ते म्हणाले आणि होडीकडं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरीचा फोन आला. “काका, ताफा सुटला न्हाय.” वारं होतं का? नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी स्वतः गेलो. पंधरा होड्या रांगेत उभ्या होत्या, पुढं ती मोकळी जागा. तात्यांनी विचारलं, “दादा, सुटू का?” आणि थांबले. एक मिनिट, पाच मिनिटं, पंधरा. वल्ही कोरडी होती. ऊन आलं, धुकं वर गेलं, समोरचं सगळं पाणी लख्ख दिसायला लागलं आणि त्यात काही नव्हतं. पाणकावळेसुद्धा नव्हते. तात्यांनी होडी फिरवली.

“हुकूम न्हाय,” ते म्हणाले.

पंधरा घरांची चूल त्या पाण्यावर चालते. तरी मला कुणी एक शब्द बोललं नाही. उलट एकानं चहा आणून दिला. शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी इंदापूरला जाऊन चाचांकडून टर्पेंटाइनची बाटली आणि चिंध्या घेतल्या. त्यांनी काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, “हळू पुसा, सोनेरी रंग पसरतोय.” दुपारी शेडमध्ये मी एकटा फळ्यापुढं बसलो. आधी चौथी ओळ पुसली, मग तिसऱ्या ओळीतली शेवटची तारीख. रंग निघाला, पण आकड्याची सावली लाकडात बसली होती, ती जाईना. वैनी कधी येऊन दारात बसल्या मला कळलं नाही. मांडीवर फाटकं जाळं होतं.

“वैनी, चुकलं माझं,” मी म्हणालो.

“चुकलं कुठं? खरंच हाय ते.” त्या जाळ्याची गाठ मारत होत्या. “मला काय कळत न्हाय व्हय, भाऊ? तीस वर्सं झाली. त्या सांजंलाच कळलं व्हतं मला.”

मी त्यांच्या कपाळाकडं बघितलं असणार, कारण त्या पुढं म्हणाल्या, “म्या कुंकू पुसलं असतं तर भावजी त्याच दिशी पाण्यात गेलं असतं. घाटावर कुणी हात लावला न्हाय माझ्या बांगडीला. समद्यास्नी वाटतं भावजी माझ्यासाठी राखत्यात. राखत्यात बी. पर मी त्येंच्यासाठी राखते.” मग गाठीचा दोरा दातानं तोडून त्यांनी मान वर केली. “नीट पुसा. आकडा दिसतोय अजून.”

मी पुसत राहिलो. डोळ्यांत पाणी आलं ते टर्पेंटाइनचं, असं मी स्वतःला सांगितलं. त्या रात्री मी घरी न जाता सेक्रेटरीच्या घरी पथारी टाकली.

सकाळी मी होडीत बसलो नाही. माझी हिंमत झाली नाही. शेडच्या आडोशाला उभा राहिलो. धुकं भिंतीसारखं होतं. होड्या आत गेल्या आणि दिसेनाशा झाल्या, नुसता पत्र्यावर वल्हं घासल्याचा आवाज येत होता, मग तोही थांबला. वैनी चुलीपासून उठून बाभळीखाली आल्या. मी तिथं आहे हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. त्यांनी उपड्या काहिलीवर डावा तळवा सपाट ठेवला आणि पाण्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

फार लांबून, पाण्यावरून घसरत आवाज आला, “दादा, सुटू का?”

वैनींनी लगेच उत्तर दिलं नाही. आधी त्यांनी पश्चिमेकडं, वारं जिकडून सुटतं तिकडं बघितलं. गालावर हवा घेतली. मग आभाळ पाहिलं. एक मिनिट गेलं, वर थोडं गेलं. आणि त्या ओठातल्या ओठात म्हणाल्या, “सुटा.”

मी त्यांच्यापासून चार हातांवर होतो, तरी मला तो शब्द ऐकू आला त्यापेक्षा दिसलाच जास्त. तिकडं, त्या धुक्यात, तो पोहोचणं शक्य नव्हतं. पण तिकडं एकाच वेळी पंधरा वल्ही पाण्यात पडली.

आवाज होईल म्हणून मी हललोही नाही. तरी त्यांना चाहूल लागली. त्यांनी काहिलीवरचा हात काढला.

“काल-परवा तोंडच उघडंना माझं,” त्या म्हणाल्या. “त्यो आकडा डोळ्याम्होरनं जाईना.”

“रोज तुम्हीच सांगता?” मी विचारलं.

“कुणीतरी सांगाय पायजे ना. भावजी थांबत्यात.”

“पण त्यांना ऐकू कसं जातं?”

मला वाटतं, त्यांना ते ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं. त्या चहा टाकायला वळल्या. माझी वही खिशात होती. जन्माची सवय, हात आपोआप तिकडं गेला. दादांच्या ओळीखाली मी नवी ओळ आखली, आणि ‘पासून’च्या रकान्यात त्या वाऱ्याच्या दिवसाची तारीख घातली. साहेब बरोबर होते, मी मनात म्हणालो. ताफा एक दिवसही बेवारशी नव्हता.

वैनींनी चुलीपासून माझ्या हाताकडं बघितलं.

“मला नका लिवू, भाऊ,” त्या म्हणाल्या. “भावजींना वाचता येतं.”

मी ती ओळ खोडली आणि मग ते पानच फाडून चुलीत टाकलं.

फळा आता शेडमध्ये लागला आहे. त्याच्यावर तीनच ओळी आहेत. येणारे-जाणारे विचारतात, तिसऱ्यापुढं कोण, आणि सेक्रेटरी सांगतो की काम चालू आहे. शेवटचा रकाना कोरा आहे, पण सकाळचं ऊन तिरकं आलं की पुसलेला आकडा अजून दिसतो. ऊन यायच्या आधीच वैनी तिथं एकदा ओलं फडकं फिरवतात, मग काहिलीपाशी जाऊन उभ्या राहतात.